त्रेपन्न नंबरचा कागद

मला क्षय झालेला नव्हता. तरीही धुळ्यातल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मला सहा महिने क्षयाची इंजेक्शनं टोचली. खोकला थांबत नाही म्हटलं की ते म्हणायचे, "मॅडम, पेशंटनं पेशन्स ठेवावा." ही त्यांची आवडती कोटी. दर वेळी ती नुकतीच सुचल्यासारखे ते हसायचे, मग कंपाउंडरही हसायचा. साड्यांवरचे ब्लाउज ढगळ व्हायला लागले तेव्हा म्हणाले, "बरंय की, आमच्या हिलाही सांगा काय केलंत ते." थुंकीत रक्ताची रेघ दिसली तेव्हा मात्र कोटी सुचली नाही. त्या दिवशी त्यांनी औषध बदललं.

मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते. मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. यजमान एस.टी. डेपोत हेडक्लार्क. माधुरी, आमची एकुलती एक, बारावीला होती. आज हे लिहायला बसले ते अशासाठी, की माझ्यासारखंच कुणी एखाद्या दवाखान्याच्या बाकावर पेशन्स ठेवून बसलेलं असेल. बसू नका. उठा आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जा. मी सहा महिने गेले नाही, कारण ओळखीच्या माणसाला वाईट वाटलं असतं. स्वतःच्या फुप्फुसापेक्षा मी ओळख जपली. या लेखात मी बऱ्याच जणांना मूर्ख म्हणणार आहे, तेव्हा पहिला नंबर माझा लावून ठेवते.

*

शेवटी गाठले ते दुसरे डॉक्टर तरुण होते. त्यांनी एक्स-रे खिडकीसमोर धरून बराच वेळ पाहिला आणि माझ्याकडे न बघता यजमानांना म्हणाले, "मॅडमना जरा बाहेर बसू द्या."

"फोटो कुणाच्या छातीचा आहे?" मी विचारलं.

"तुमच्या."

"मग बाहेर यांना बसू द्या."

यजमान खरोखरच उठले आणि दाराकडे निघाले. डॉक्टर गडबडून म्हणाले, "बसा हो, दोघंही बसा." मग त्यांनी सांगितलं, की उजव्या बाजूला वरच्या अंगाला गाठ दिसते आहे, ती क्षयाची वाटत नाही, मुंबईला दाखवा आणि दिरंगाई करू नका.

"कॅन्सर?"

"तपासल्याशिवाय तसं म्हणता येत नाही."

"पण तुम्हाला तसं वाटतंय."

"हो," ते म्हणाले. सहा महिन्यांत मला मिळालेलं ते पहिलं सरळ उत्तर.

घरी येऊन मी नववीच्या चाचणीचे पेपर तपासायला घेतले. सगळे तपासूनच उठले. मला वाटलं, पाहा, मी किती खंबीर आहे! दुसऱ्या दिवशी एक मुलगी रडवेली होऊन पेपर घेऊन आली. तिचं उत्तर बरोबर होतं आणि मी त्यावर लाल शाईनं भला मोठा भोपळा दिला होता. गठ्ठा परत उघडला, तर असे अकरा निघाले.

*

मग माणसं यायला लागली. मोसंबी घेऊन यायची. पलंगाच्या कडेला बसून आपापल्या नात्यातले कॅन्सरनं गेलेले लोक आठवायची आणि शेवटी म्हणायची, "पण तुमचं तसं नाही होणार." मग मुद्द्यावर यायची. शेजारच्या बाईंनी विचारलं, "मशेरी लावत होता का?" यजमानांच्या साहेबांनी विचारलं, "मिस्टर ओढतात का?" मिस्टर सुपारीसुद्धा खात नाहीत. माझे थोरले भाऊ आबा सोनगीरहून आले, तासभर गप्प बसले आणि जाताना दारात थांबून म्हणाले, "कुसुम, खरं सांग बरं. कालेजमा व्हती तवय बिडीबिडी वढे का तू?"

मी म्हणाले, "हो आबा, रोज एक बंडल. तुमच्याच खिशातलं."

आबा बिडी ओढतात. पन्नास वर्षं ओढतायत. त्यांना काही झालेलं नाही. होऊही नये. पण गाठ माझ्या छातीत निघाल्यावर पाप माझंच निघायला हवं होतं, म्हणजे सगळ्यांना घरी जाऊन नीट झोप लागली असती.

*

मुंबईच्या त्या मोठ्या हॉस्पिटलाचं नाव लिहीत नाही. तिथं माझं उजवं फुप्फुस वरच्या बाजूनं कापलं. छातीखालून पाठीपर्यंत टाका. बरगड्यांमधून नळी, नळीच्या टोकाला बाटली. बाटलीत बुडबुडे येतात तोवर नळी काढायची नाही. बुडबुडे बघण्यात माझे सहा दिवस गेले. सकाळी एक बाई येऊन पाठीवर थापट्या मारायची आणि "खोका, खोका" म्हणायची. धुळ्यात सहा महिने खोकू नका म्हणून सुया घेतल्या, इथं खोकत नाही म्हणून बोलणी खाल्ली.

शेजारच्या खाटेवर सिंधूबाई होत्या. यावलकडच्या, केळीवाल्यांच्या घरच्या. त्यांची डावी बाजू कापलेली. माझा उजवा हात वर जात नव्हता, त्यांचा डावा. दोघींचे केस लांब आणि आठ दिवसांत त्यांची दोरखंडं झालेली. एका सकाळी त्या माझ्या खाटेवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमचा डावा द्या, माझा उजवा घ्या. दोघींची मिळून एक बाई तं होईल."

त्यांच्या उजव्या आणि माझ्या डाव्या हातानं आम्ही आधी माझी वेणी घातली, मग त्यांची. पाऊण तास लागला. वेण्या वाकड्या झाल्या. हसल्यावर टाके ओढायचे, म्हणून आम्ही हसू दाबत होतो आणि त्यानं जास्तच ओढत होते. आजारपणात कुणाचे उपकार आठवायचे म्हटले तर मला मोसंबी आठवत नाहीत, ही वेणी आठवते.

*

त्याच वॉर्डात एक संशोधन करणारे डॉक्टर यायचे. जेमतेम तिशीचे, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. कापून काढलेल्या गाठीचा तुकडा अभ्यासाला वापरू का, म्हणून त्यांना सही हवी होती. फॉर्म इंग्रजीत. सिंधूबाईंनी न विचारता सही केली. मी विचारलं.

ते खाटेशी उभे राहून नीट सांगायला लागले. पी-फिफ्टीथ्री नावाचं एक प्रथिन असतं, ते बिघडलं की पेशीत साचतं. तुकड्याला रंग लावला की साचलेलं तपकिरी दिसतं. कुणाच्या गाठीत दिसतं, कुणाच्या नाही. ऑपरेशननंतर कोण जास्त जगतं आणि कोण कमी, याच्याशी त्याचा काही संबंध आहे का, ते ताडून बघायचं.

"आहे का?"

"काही जण म्हणतात आहे, काही म्हणतात नाही. म्हणून तर बघतोय."

"आम्हाला सांगणार?"

"नाही. हे पेशंटला सांगण्यासाठी नसतं."

माणूस प्रामाणिक होता. पण त्याच्या प्रामाणिकपणाची हॉस्पिटलच्या क्लार्कला कल्पना नव्हती. घरी सोडताना त्यानं टेबलावर सापडला तो प्रत्येक कागद फाइलला टाचला. माझ्या फाइलमध्ये एक चिठ्ठी होती: पी-फिफ्टीथ्री पॉझिटिव्ह. सिंधूबाईंच्या फाइलमध्येही होती: निगेटिव्ह. त्यांच्या यजमानांनी मला ती वाचायला दिली. "म्हणजे चांगलं ना, मॅडम?"

मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हणाले, "हो, चांगलं."

*

फाइल धुळ्यात आली ती थेट पेशन्सवाल्या डॉक्टरांकडे. यजमान सवयीनं तिकडेच घेऊन गेले. माणसाची सवय कॅन्सरलाही दाद देत नाही. डॉक्टरांनी पान न् पान उलटलं, चिठ्ठीवर थांबले, आणि मला कंपाउंडरकडे वजन करायला पाठवलं. मी परत आले तेव्हा यजमानांचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"काय म्हणाले?"

"सगळं ठीक आहे. फळं खा म्हणाले."

त्या दिवसापासून घरात सगळे माझ्याशी गोड बोलायला लागले. चोवीस वर्षांत न मागता साडी न आणणाऱ्या माणसानं पैठणी आणली. शाळेत मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी माझं नाव पहिलं होतं. संस्थेच्या सेक्रेटरींनी घरी येऊन सांगितलं, की माझ्यावर ताण नको म्हणून दुसऱ्या बाईंना नेमलं आहे. आणि आबा दर रविवारी सोनगीरहून यायला लागले. येताना शिरपूरकडच्या एका मुलाची माहिती आणायचे. बागायती शेती, ट्रॅक्टर, मुलगा निर्व्यसनी.

"माधुरीची परीक्षा आहे," मी म्हणाले.

"परीक्षा व्हऊ दे. मे मा लगीन. तुन्हा डोयासमोर व्हई जाई."

तुझ्या डोळ्यांसमोर. त्यातली मेख मला कळली. न कळायला मी काही पहिलीतली मुलगी नव्हते. आणि इथं जे झालं ते लिहायला मला आवडत नाही. त्या दुपारी पाठीत कळ येत होती, श्वास पुरत नव्हता, माधुरी कॉलेजात होती. मी म्हणाले, "बघा मग."

माधुरीला शेतकी कॉलेजात जायचं होतं. आठवीपासून तिनं दुसरं काही बोललेलं नव्हतं. संध्याकाळी तिला सांगितलं तेव्हा ती रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "तुला बरं वाटणार असेल तर करते." मुलीनं एवढं गुणी असू नये. तिनं ताट फेकलं असतं तर मी लगेच शुद्धीवर आले असते.

*

पाहायला सहा जण आले. मुलगा खाली मान घालून बसला होता. त्याच्यावर माझा राग नाही, त्यालाही कुणी विचारलेलं दिसत नव्हतं. पोहे झाले. मुलाची आई खुर्ची ओढून माझ्याजवळ आली, माझा हात हातात घेतला आणि अगदी मायेनं म्हणाली, "बाई, डाक्टरनी दोन वरीस सांगेल शेत ना? आम्ही समजी लेतस. म्हनीसनच घाई करी ऱ्हायनूत. फक्त एक सांगा, तुमनी पोरले तर हाऊ आजार व्हवाव नही ना?"

मी आबांकडे पाहिलं. आबा छताकडे बघत होते. यजमानांकडे पाहिलं. ते पोह्यांच्या रिकाम्या बशीकडे बघत होते. तर ही बातमी सोनगीर ओलांडून शिरपूरपर्यंत पोहोचली होती, आणि जिची होती तिला ती पोह्यांवर लिंबू पिळावं तशी आता मिळाली.

"दोन वर्षं कुणी सांगितली?"

"आते तुमनाच लोके सांगत व्हतात," बाई बावरल्या. "ते काय त्रेपन्न नंबरना कागद शे म्हने. त्रेपन्न निंघं का मानूस वाचत नही."

नंतर कळलं, की सोनगीरमध्ये तोवर त्याची दुसरी आवृत्तीही निघाली होती: कुसुम त्रेपन्नाव्या वर्षी जाणार. ती निदान सात वर्षं तरी देत होती.

मी उठले. उठायला वेळ लागला, पण कुणी हात दिला नाही ते बरं झालं. म्हणाले, "चहा येतोय, तो घेऊन जा. लग्न होणार नाही. कुणी विचारलं तर माझ्या आजाराचं कारण सांगा, मुलीचं सांगू नका."

*

पाहुणे गेल्यावर आबा कडाडले. नाक कापलं म्हणाले. बाप असताना आईनं मधे बोलायचं काम काय म्हणाले. मी माधुरीच्या बापाकडे वळले. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

"तुम्ही चार महिने हे पोटात ठेवलंत?"

"तू खचली असतीस," ते म्हणाले. "मला डॉक्टरनी सांगितलं, आठ दिवस मी डेपोत टेबलाखाली डोकं घालून…"

मला दया आली पाहिजे होती. नाही आली. मी म्हणाले, "तुम्ही रडलात, आणि मग मला सोडून बाकी सगळ्यांना सांगितलंत." आजारी माणूस घरात सगळ्यात शेवटी शहाणा होतो. बाकीच्यांनी आपसांत त्याचं मरण वाटूनही घेतलेलं असतं. ज्यांच्या घरी असं आजारपण आहे त्यांना हात जोडून सांगते, पेशंटला सांगा. पैठणी आणू नका.

*

पुढच्या तपासणीला मुंबईला गेले ती माधुरीला घेऊन. आधी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, स्वच्छ आहे म्हणाले. मग मी शाईच्या डागाच्या डॉक्टरांना शोधून काढलं. चिठ्ठी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"मी दोन वर्षांत मरणार का?"

त्यांनी चिठ्ठी पाहिली आणि कानापर्यंत लाल झाले. "ही तुमच्याकडे कशी आली?"

"ते तुमच्या क्लार्कला विचारा. मला उत्तर द्या."

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "खरंच माहीत नाही. शंभर-दोनशे जणांचे कागद एकत्र ठेवले, तर कदाचित काही दिसेल. एका माणसाचं यातून काहीच सांगता येत नाही."

"लिहून द्या. मराठीत."

त्यांनी लिहून दिलं, सहीसकट. ऱ्हस्वदीर्घाच्या तीन चुका होत्या. मी दुरुस्त केल्या नाहीत.

तो कागद घेऊन मी आधी पेशन्सवाल्या डॉक्टरांकडे गेले. दवाखाना भरलेला होता, ते मला सोयीचंच झालं. म्हणाले, "डॉक्टर, तुम्हाला सहा महिन्यांत माझ्या छातीतली गाठ दिसली नाही, पण एका चिठ्ठीवरून माझ्या मरणाची तारीख दिसली. हे वाचा."

त्यांनी वाचलं. म्हणाले, "मी आपलं अंदाजे बोललो होतो, मॅडम. नातेवाइकांची मनाची तयारी असावी म्हणून."

"तयारी झाली," मी म्हणाले. "लग्नाचा हॉलसुद्धा बघून झाला."

बाकावरची एक म्हातारी तेवढ्यात उठली आणि चपला घालून चालती झाली. तिला उशीर होत असेल कदाचित. मी मात्र ते माझ्या खात्यावर जमा धरलं आहे.

आबांनी कागद हातात घेतला नाही. "डाक्टर लोके आज एक सांगतस, सकाय दुसरं," म्हणाले. दीड वर्ष बोलले नाहीत. मग एका दिवाळीला आले, पोत्यात कांदे घेऊन. त्यांनी माफी मागितली नाही. मी कांदे ठेवून घेतले.

*

माधुरी शेतकी कॉलेजात गेली. मी शाळेत परत गेले. हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावरच लिहिते. मागच्या बाकावरच्या मुलींना दिसत नाही म्हणून त्या पुढे येऊन जमिनीवर बसतात. त्यांना तेच आवडतं असं दिसतं. आता सात वर्षं झाली. जिना चढताना मधे थांबावं लागतं. रात्री साधा खोकला आला तरी घरात तिघंही जागे होतो आणि तिघंही झोपल्याचं सोंग घेतो. बरी झाले म्हणजे एवढंच.

सिंधूबाई गेल्याचं मला उशिरा कळलं. ऑपरेशनला वर्ष व्हायच्या आतच गेल्या होत्या. माझी पत्रं जात होती, उत्तर येत नव्हतं. मग शेवटी त्यांच्या यजमानांचं चार ओळींचं कार्ड आलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी जळगावला उतरून यावलची गाडी धरली.

ते शेतातच भेटले. बागेत कापणी चालू होती, ट्रक उभा होता. मला बघून त्यांनी हातातला विळा बाजूला ठेवला, पाणी दिलं, खाट टाकली. बरंच इकडचं तिकडचं बोलले. मग आत झोपडीत जाऊन प्लॅस्टिकच्या पिशवीतली फाइल घेऊन आले. चिठ्ठी वरच होती.

"मॅडम, तुम्ही शिकवता, म्हणून विचारतो. तुमचा कागद वाईट, तिचा चांगला. तुम्हीच वाचून सांगितलं होतं. मंग असं कसं झालं?"

इतक्या लोकांवर मी तोंड सोडलं होतं. हा प्रश्न विचारणाऱ्याला मात्र मला नीट उत्तर द्यायचं होतं. मी त्यांच्या बागेकडे बोट केलं. "या बागेची रास किती पडली?" रास म्हणजे सगळ्या घडांच्या वजनाची सरासरी, व्यापारी त्यावर भाव करतो.

"सतराची."

"मग तो समोरचा घड सतरा किलोचाच भरेल?"

"नाही. तो बाराचा भरेल. त्याच्या मागचा एकवीसचा."

"डॉक्टरांचा कागद रास काढण्यासाठी होता, दादा. एका घडाचं वजन त्यातून कळत नाही. मला तेव्हा हे सांगायला हवं होतं. मी नुसतं चांगलं म्हणाले."

समजलं त्यांना. माझ्या नववीतल्या कुठल्याही मुलीपेक्षा लवकर समजलं. मग चिठ्ठी घडी करून परत पिशवीत ठेवली आणि म्हणाले, "बरोबर आहे, मॅडम. पन रास तं बाग लावणाऱ्यानं काढावी. माह्याजवळ तं एकच होती."